‘पे ऑफ’ कधी लिहावे आणि कधी लिहू नये: कर्जखात्यांच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

ऐरोली, घणसोली, महापे किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या कचेऱ्यांत मराठी माध्यमातून शिकलेली अनेक मुलेमुली कर्जखाती, विमा, वसुली अशा विभागांत रुजू होतात, आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्या लक्षात येते की शाळेतले इंग्रजी व्याकरण पक्के असूनही पैशाच्या पत्रव्यवहारात एखादा तीन अक्षरांचा शब्द आपल्याला तोंडघशी पाडू शकतो. माझ्या बाबतीत तो शब्द ‘ऑफ’ होता.

नोकरीचा तिसरा आठवडा होता. आमचा विभाग एका परदेशी वित्तसंस्थेच्या कर्जदारांना पत्रे पाठवत असे. एका बाईंचा महिन्याचा हप्ता वेळेवर जमा झाला होता आणि त्यांना आभाराच्या दोन ओळी पाठवायच्या होत्या. मी लिहिले, ‘थँक यू फॉर पेइंग ऑफ युवर लोन धिस मंथ.’ मला म्हणायचे होते की या महिन्याचे पैसे भरल्याबद्दल आभार. पत्रात मात्र उमटले होते की या महिन्यात तुमचे कर्ज पूर्ण फिटले, त्याबद्दल आभार. बाईंनी पत्र जपून ठेवले आणि पुढचा हप्ता भरलाच नाही. थकबाकीचा फोन गेला तेव्हा त्यांनी ते पत्र शब्दशः वाचून दाखवले. विलंबशुल्क सोडून द्यावे लागले, दिलगिरीचे पत्र गेले, आणि आमच्या टीम लीडर मॅडमनी माझ्या पत्राची प्रत टेबलावर ठेवून ‘ऑफ’भोवती लाल पेनने गोल काढला. ‘हा शब्द कशाला घातलास?’ असे त्यांनी विचारले. नुसत्या ‘पे’पेक्षा ‘पे ऑफ’ जास्त चांगले इंग्रजी वाटते, असे मी उत्तर दिले होते. पुढे माझ्या हाताखाली शिकायला आलेल्यांकडूनही मी हेच उत्तर ऐकत आले, म्हणून हा लेख.

सुरुवात करण्यापूर्वी तीन वस्तू हाताशी ठेवाव्यात:

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला कोश, छापील किंवा मोबाइलवरचा. साध्या इंग्रजी–मराठी कोशात ‘पे ऑफ’समोर फेडणे, लाच देणे, फायद्याचे ठरणे असे अर्थ एकाच ओळीत दिलेले असतात आणि कोणता कधी घ्यायचा हे वाचणाऱ्यावर सोडलेले असते. शिकणाऱ्यांच्या कोशात ‘पे समथिंग ऑफ’ आणि ‘पे समबडी ऑफ’ अशा वेगळ्या नोंदी असतात, आणि आपले निम्मे काम तिथेच होते.
- स्वतःच्या किंवा घरच्यांच्या एखाद्या कर्जाचा खातेउतारा. उदाहरणे आपल्याच पैशांची असली की चूक लगेच टोचते.
- एक वही, जिच्यात आपण पाठवलेली आणि दुरुस्त होऊन परत आलेली वाक्ये उतरवून ठेवता येतील.

१. आधी ‘ऑफ’ सुटा काढून त्याचे काम पाहा

‘पे’ म्हणजे पैसे देणे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘शांत करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करायचे, अशी ती मुळातली कल्पना आहे. महिन्याचा हप्ता दिला की घेणेकरी महिन्यापुरता शांत होतो. ‘ऑफ’ जोडला की तो कायमचा शांत होतो, कारण ‘ऑफ’मध्ये अंगावरून उतरणे, सुटणे, संपणे हा भाव आहे. ‘टेक ऑफ युवर शूज’ या वाक्यात बूट पायांतून उतरवणारा ‘ऑफ’ आणि कर्ज डोक्यावरून उतरवणारा ‘ऑफ’ हे एकच आहेत.

मराठी माणसाला हे समजायला खरे तर अवघड जाऊ नये, कारण आपले ‘फेडणे’ याच वाटेने आलेले आहे. नेसलेले लुगडे फेडतात, बोललेला नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात आणि अंगावरचे कर्जही फेडतात. सगळीकडे आपल्यावर चढलेले काहीतरी उतरवून मोकळे व्हायचे असते. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मराठीत म्हणून पाहावे. जिथे तोंडून ‘भरले’ येते तिथे नुसता ‘पे’ वापरावा आणि जिथे ‘फेडून टाकले’ येते तिथे ‘पे ऑफ’ वापरावे. वीजबिल आपण भरतो, फेडत नाही, सोसायटीचा देखभाल खर्च भरतो, हप्ता भरतो. कर्ज मात्र फेडून टाकतो. या ‘टाकतो’मध्ये जी पूर्णता आहे, तीच ‘ऑफ’मध्ये आहे. ही कसोटी मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

२. क्रियापदापुढे काय आले आहे ते पाहा

या क्रियापदाचा सगळा गोंधळ इथे आहे, त्यामुळे या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘पे ऑफ’पुढे कर्ज आले, माणूस आला, की काहीच आले नाही, यावर अर्थ पूर्णपणे बदलतो.

*पुढे कर्ज आले तर:* अर्थ पूर्ण फेडणे. ‘शी पेड ऑफ हर होम लोन इन ट्वेल्व्ह इयर्स’ म्हणजे तिने गृहकर्ज १२ वर्षांत फेडले. इथे एक बारकावा आहे. ‘वी हॅव पेड ऑफ हाफ द लोन’ हे वाक्यही बरोबर आहे, कारण जे पूर्ण संपले ते कर्ज नसून कर्जाचा अर्धा भाग आहे. पुढे जेवढे लिहिले असेल तेवढे संपले पाहिजे, एवढीच अट आहे. त्यामुळे साचलेली थकबाकी ‘पे ऑफ’ करता येते, तीन वर्षांपूर्वीचे उसने ‘पे ऑफ’ करता येते, पण चालू कर्जाच्या एका महिन्याच्या हप्त्याला हे क्रियापद शोभत नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तर फरक थेट खिशाला लागतो. ‘आय पे ऑफ माय कार्ड एव्हरी मंथ’ असे म्हणणारा माणूस संपूर्ण बिल चुकते करतो. किमान देय रक्कम भरून उरलेल्या रकमेवर व्याज सोसणाऱ्याने हे वाक्य वापरले तर तो समोरच्याची आणि बहुधा स्वतःचीही फसवणूक करतो.

*पुढे माणूस आला तर:* इथे जपून पाऊल टाकावे. ‘दे पेड ऑफ द इन्स्पेक्टर’ याचा पहिला आणि सरळ अर्थ त्यांनी निरीक्षकाचे हात ओले केले, असा होतो. तपासणीचे सरकारी शुल्क रीतसर भरले असेल तर ‘वी पेड द इन्स्पेक्शन फी’ असे लिहावे आणि माणसाला वाक्यातून बाहेर ठेवावे. दुसरा अर्थ आहे हिशेब पुरा करून कामावरून कमी करणे. आमच्या सोसायटीच्या एका जुन्या इतिवृत्तात, बहुधा इंग्रजीचा मान राखण्यासाठी, ‘द वॉचमन हॅज बीन पेड ऑफ’ असे वाक्य लिहिले गेले होते. सचिवांना म्हणायचे होते की रखवालदाराचा दिवाळीचा बोनस देऊन झाला. वाचणाऱ्यांपैकी एका काकांनी रखवालदाराला काढले असा अर्थ घेतला, दुसऱ्यांनी त्याला गप्प राहण्यासाठी पैसे दिले असा घेतला, आणि बिचारा रखवालदार फाटकावर उभा राहून दोघांनाही रोजच्यासारखा नमस्कार करत होता.

कामावरून कमी करण्याचा अर्थ मुख्यतः ब्रिटिश वळणाचा आहे आणि तो समुद्रावर जुना आहे. सफर संपली की खलाशांचा पगार चुकता करून त्यांना मोकळे करायचे, त्याला ‘पेइंग ऑफ’ म्हणत. नौदलात हा शब्द जहाजालाही लागतो. ‘आयएनएस विराट’ ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत सेवानिवृत्त झाले. नौदलाच्या भाषेत ते ‘पे ऑफ’ झाले, आणि अशा वेळी डोलकाठीवर जी लांबच लांब पताका फडकवण्याची परंपरा आहे तिला ‘पेइंग ऑफ पेनंट’ म्हणतात. नेरुळ–बेलापूरकडच्या ज्या घरांत कोणी ना कोणी बोटीवर आहे, तिथे आज ‘साइन ऑफ’ हा शब्द जास्त ऐकू येतो. पण जुन्या करारपत्रांत किंवा ब्रिटिश कागदांत ‘पेड ऑफ’ दिसला तर तो लाचेचा नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

मित्रांमध्येही हा सापळा आहे. ठाण्यात तहसील कचेरीजवळ मिसळ खाल्ली, पैसे मैत्रिणीने दिले, आणि रात्री तिला ‘विल पे यू ऑफ टुमारो’ असा निरोप पाठवला, तर व्याकरण सांभाळले जाईल, पण वाक्याला ‘तुझे काय ते देऊन तुला वाटेला लावते’ असा वास येईल. उसने परत करायचे असेल तर ‘आय विल पे यू बॅक’ हेच म्हणावे.

*पुढे काहीच आले नाही तर:* इथे पैसा असेलच असे नाही. ‘हर हार्ड वर्क पेड ऑफ’ म्हणजे तिच्या कष्टांचे चीज झाले. कर्ता कष्ट, अभ्यास, धोका, संयम, एखादा निर्णय असा असतो आणि तो फळाला येतो. ‘द रिस्क पेड ऑफ’ म्हणजे पत्करलेला धोका लाभला. सोबत ‘इन द लाँग रन’, म्हणजे अखेरीस, किंवा ‘हँडसमली’, म्हणजे भरघोस, असे शब्द येऊ शकतात.

३. ‘वॉज’ कुठे घालायचा ते ठरवा

‘माय हार्ड वर्क वॉज पेड ऑफ’ हे वाक्य मी नोकरीच्या अर्जांत, निरोपसमारंभाच्या भाषणांत आणि एकदा आमच्याच विभागाच्या भिंतीवरच्या फलकावर वाचले आहे. ते चुकीचे आहे. कर्ज कोणीतरी फेडते, म्हणून ‘द लोन वॉज पेड ऑफ’ हे कर्मणी रूप चालते. कष्ट मात्र आपणहून फळतात. त्यांना कोणी फेडत नाही. मराठीत ‘फेडणे’ आणि ‘फिटणे’ अशी जी जोडी आहे तिचा इथे आधार घ्यावा. अंधार फिटतो, तो कोणाकडून फेडला जात नाही. तसेच ‘हार्ड वर्क पेड ऑफ’ हे ‘वॉज’शिवायच लिहायचे.

४. सर्वनाम मध्ये, लांब नाम शेवटी

‘पे ऑफ द लोन’ आणि ‘पे द लोन ऑफ’ ही दोन्ही बरोबर आहेत. पण ‘लोन’च्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसला पाहिजे: ‘पे इट ऑफ’. ‘पे ऑफ इट’ असे इंग्रजीत होत नाही. कर्जे अनेक असतील तर ‘पे देम ऑफ’. उलट कर्जाचे वर्णन लांबले, जसे की ‘वडिलांनी खारघरच्या घरासाठी घेतलेले कर्ज’, तर ‘पे’ आणि ‘ऑफ’ शेजारी ठेवून सगळे वर्णन पुढे न्यावे. नाहीतर ‘ऑफ’ वाक्याच्या शेवटी एकटा लोंबकळतो आणि वाचणाऱ्याला मागे वळून पाहावे लागते.

५. भूतकाळाचे स्पेलिंग

पी, ए, आय, डी. ‘पे’ला ईडी जोडून केलेले रूप दोर सैल सोडण्याच्या नाविक अर्थापुरते उरले आहे; पैशाच्या कागदावर ते आले की सरळ चूक समजावी.

६. नाम झाले की जोडून लिहा आणि आघात बदला

क्रियापद दोन शब्दांत लिहितात आणि बोलताना जोर ‘ऑफ’वर येतो. नाम झाले की ‘पेऑफ’ असे एकत्र, किंवा मध्ये छोटी आडवी रेघ देऊन, आणि जोर ‘पे’वर. फोनवर काम करणाऱ्यांनी हा फरक मोठ्याने म्हणून सवय करावी, कारण अमेरिकी ग्राहक ‘पेऑफ’ म्हणाला तर तो बहुतेक वेळा एक ठरावीक रक्कम विचारत असतो. त्या रकमेबद्दल आठव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे.

७. शेजारपाजारची क्रियापदे ओळखून ठेवा

‘पे बॅक’ म्हणजे ज्याचे त्याला परत करणे. लक्ष घेणेकऱ्यावर असते, तर ‘पे ऑफ’मध्ये कर्जावर. ‘पे डाउन’ म्हणजे कर्जाचा बोजा हळूहळू कमी करत आणणे, आणि हा प्रयोग अमेरिकी पत्रांत फार दिसतो. माझ्या त्या फसलेल्या पत्रातल्या बाई त्या महिन्यात कर्ज ‘पे डाउन’ करत होत्या, ‘पे ऑफ’ नव्हे. ‘पे अप’मध्ये कुरकुर आहे: मागे लागल्यावर, नाइलाजाने पैसे काढणे. म्हणून ग्राहकाला ‘प्लीज पे अप’ असे कधीही लिहू नये. ते वसुलीवाल्याच्या दरडावणीसारखे वाचले जाते. ‘पे आउट’ विमा कंपनी करते, दावा मंजूर झाल्यावर. ‘पे इन’ आपण बँकेत करतो. खिडकीवर भरून द्यायच्या चिठ्ठीला ‘पे इन स्लिप’ म्हणतात ते त्यामुळेच. ‘पे फॉर’पुढे वस्तू किंवा सेवा येते, कर्ज येत नाही.

८. कर्जाच्या कागदांवरचे फसवे शब्द

इथे भाषा आणि हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे सावकाश वाचावे.

*पेऑफ अमाउंट.* ही रक्कम आणि खातेउताऱ्यावरची शिल्लक एकच नसतात. समजा १ तारखेच्या उताऱ्यावर मुद्दल ४,००,००० रुपये दिसते आहे आणि व्याज वर्षाला ९ टक्के आहे. दिवसाला सुमारे ९८ रुपये ६३ पैसे व्याज चढते. ग्राहकाने ११ तारखेला बरोबर चार लाख भरले, तर दहा दिवसांचे साधारण ९८६ रुपये मागे राहतात आणि कर्ज ‘पेड ऑफ’ होत नाही. खाते उघडे राहते आणि उरलेल्या रकमेवर व्याज व दंड चालू राहू शकतो. म्हणून अमेरिकी संस्था जे ‘पेऑफ स्टेटमेंट’ देतात त्यात अमुक तारखेपर्यंत लागू अशी रक्कम आणि त्यापुढे दर दिवसाचे व्याज वेगळे लिहिलेले असते. तिथल्या नियमांनुसार गृहकर्जाच्या बाबतीत लेखी मागणी आल्यावर हे पत्रक सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. आपल्याकडेही बँकेकडून कर्जबंदीची रक्कम मागताना ती कोणत्या तारखेपर्यंत धरली आहे हे विचारून घ्यावे.

*फोरक्लोजर.* या शब्दाने माझ्या ओळखीच्या एका नवशिक्याला घाम फोडला होता. आपल्याकडच्या बँकांत ‘लोन फोरक्लोजर’ म्हणजे कर्जदाराने मुदतीआधीच सगळे कर्ज फेडून खाते बंद करणे, म्हणजे आनंदाची गोष्ट. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: हप्ते थकल्यामुळे घेणेकऱ्याने तारण घर ताब्यात घेण्याची कारवाई. अमेरिकी ग्राहकाने कर्ज लवकर फेडण्याची चौकशी केली आणि आपण उत्तरात ‘फोरक्लोजर’ लिहिले, तर समोरच्याच्या छातीत धस्स होणार. त्यांना लिहिताना ‘अर्ली पेऑफ’ असे लिहावे. आपल्या इथल्या ग्राहकाला मात्र हे जरूर सांगावे की वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल आकार घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली आहे.

*सेटल्ड.* ‘आय हॅव सेटल्ड माय लोन’ हे वाक्य कानाला भारदस्त वाटते. पण पतअहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा येतो तेव्हा त्याचा अर्थ बँकेने तडजोड करून कमी पैशांत विषय मिटवला असा असतो, आणि पुढचे कर्ज देणारा त्या शेऱ्याकडे नाक मुरडून पाहतो. पै न् पै फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असे असायला हवे. म्हणून पूर्ण फेडलेल्या ग्राहकाच्या पत्रात ‘पेड ऑफ’ किंवा ‘पेड इन फुल’ लिहावे, ‘सेटल्ड’ लिहू नये.

*राइट ऑफ.* इथेही ‘ऑफ’ आहे, पण तो बँकेच्या वहीतला. कर्ज बुडीत धरून बँक ते आपल्या ताळेबंदातून उतरवते. कर्जदाराच्या डोक्यावरून ते उतरत नाही आणि वसुली चालूच राहू शकते. वर्तमानपत्रांत ‘अमुक कोटींचे कर्ज राइट ऑफ’ असे वाचून कर्ज माफ झाले असे समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

*वेव्ह ऑफ.* माफ करणे या अर्थाने आपल्याकडे सर्रास ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात. प्रमाण इंग्रजीत त्या क्रियापदाला ‘ऑफ’ लागत नाही. ‘द बँक वेव्हड द फी’ एवढेच पुरे. २००८ मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी जी कर्जमाफी जाहीर केली, तिच्या अधिकृत इंग्रजी नावात ‘डेट वेव्हर’ असे शब्द होते, ‘ऑफ’ नव्हता. उच्चारात सारखाच वाटणारा दुसरा शब्द हात हलवण्याचा आहे आणि ‘ऑफ’ त्याच्यासोबत येतो. तेव्हा ‘बँकेने कर्ज वेव्ह ऑफ केले’ याचा अर्थ शब्दशः घेतला तर बँकेने कर्जाला टाटा केला, असा होतो. खरे म्हणजे कर्जमाफीच्या दृष्टीने तेही फार चुकीचे नाही, पण पत्रात चालणार नाही.

९. कर्ज खरोखर ‘पेड ऑफ’ झाले याचे कागद

ग्राहकाला ‘युवर लोन हॅज बीन पेड ऑफ’ असे लिहिण्याआधी, आणि घरचे कर्ज फिटले तर स्वतःसाठीही, पुढील कागद जुळतात का ते पाहावे:

- शून्य शिल्लक दाखवणारा अंतिम खातेउतारा
- बँकेचे ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र, ज्यावर कर्जखात्याचा क्रमांक आणि खाते बंद झाल्याची तारीख असावी
- तारण ठेवलेले मूळ कागद: नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, आणि कर्ज देताना बँकेने यादी करून घेतलेले इतर जे काही असेल ते
- न वापरलेले धनादेश परत, आणि खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सूचना रद्द झाल्याची पोच
- बँकेचा बोजा उतरवण्याबाबतचे पत्र, ज्याच्या आधारे सोसायटीच्या दप्तरातली नोंद काढता येते. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर असेल तर तारणाची नोंद आणखी कुठे झाली आहे का हेही तपासावे

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. या नियमातला कळीचा शब्द ‘पूर्ण’ आहे. मागे ते ९८६ रुपये राहिले असतील तर तीस दिवसांचे मोजणे सुरूच होत नाही, आणि तोपर्यंत इंग्रजी पत्रात ‘ऑफ’ लिहिण्याचा अधिकारही आपल्याला नसतो.

१०. पाठवण्यापूर्वी

वहीत आपल्याच पैशांवर पाच वाक्ये लिहून काढावीत: एक फेडलेल्या कर्जाचे, एक चालू हप्त्याचे, एक मैत्रिणीच्या उसन्याचे, एक फळाला आलेल्या कष्टांचे, आणि एक ‘इट’ वापरून. प्रत्येकाच्या शेजारी मराठी वाक्य लिहावे, आणि मराठीत ‘भरले’ आले की ‘फेडून टाकले’, की ‘चीज झाले’, याखाली रेघ ओढावी. पाचवे वाक्य बहुतेकांचे चुकते. चुकले तर चौथ्या पायरीकडे परत जावे.

माझ्या त्या पत्राची दुरुस्त प्रत मॅडमनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिली होती, आणि नव्याने येणाऱ्यांना मी आजही तीच नमुना म्हणून देते. हप्ता आलेल्या ग्राहकाला: ‘थँक यू फॉर युवर पेमेंट. युवर नेक्स्ट इन्स्टॉलमेंट इज ड्यू ऑन’ आणि पुढे तारीख. ज्याचे खाते खरोखर शून्यावर आले आहे त्याला: ‘युवर लोन वॉज पेड ऑफ ऑन’ आणि पुढे तारीख, खाली अंतिम उतारा जोडलेला. दोन्हींत तारीख हाताने भरायची असते, आधीच्या पत्रातून उचलायची नसते.